देवीचं पोट

'ताल' हा शब्द विजयसिंहाच्या तोंडून आला आणि स्वरूपाला एकदम किळस आली. तिचं तिलाच नवल वाटलं. समोरच्या माणसाने अजून काहीच वाईट केलं नव्हतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मुठीत गाडीची किल्ली, स्टुलावर अर्धा पिऊन ठेवलेला चहा. कन्हेरीच्या रस्त्याला तिची पत्र्याची शेड होती. गाडी बाहेर लावून तो आत आला, खुर्चीवरची धूळ रुमालाने पुसून बसला आणि म्हणाला, "मॅडम, मूर्ती नवतालातच पायजे. मी सगळं बघितलंय मोबाइलवर. माणूस आठ तालाचा, देवी नऊ तालाची. आपल्याला नऊच पायजे." बोलताना त्याने हवेत चारचार बोटांची मापं घेतली. हा शब्द वीसेक वर्षं तिचा एकटीचा होता. बारामतीत तो कुणाला माहीत नव्हता आणि कुणाला तो सांगावा असंही तिला वाटलं नव्हतं. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत चेहऱ्याची जी लांबी, तो एक ताल. त्याचे बारा भाग, ती अंगुळं. आणि असे नऊ चेहरे एकाखाली एक ठेवले की जी उंची होते, ती देवीची. दक्षिणेत एका मूर्तिशाळेत ती दोन वर्षं राहून आली होती, तिथे पहाटे आंघोळ करून दोरी हातात घेतल्यावरच हा शब्द उच्चारायचे. आता तो अत्तराच्या वासासकट तिच्या शेडमध्ये पडला होता, आणि उचलून धुऊन घ्यावा तर कुठे धुवावा हे तिला कळत नव्हतं.

"बावड्याला आपल्या शेतात मंदिर बांधतोय. लक्ष्मीचं. काळ्या दगडात, उभी मूर्ती." त्याने मोबाइल पुढे केला. "आन् तोंड हिचं पायजे."

फोटोतली बाई कोण हे ओळखायला स्वरूपाला एक क्षण लागला. गाल आत गेलेले, गळ्याखालची दोन्ही हाडं वर आलेली, ओठ घट्ट मिटलेले. मग तिने ओळखलं. राजलक्ष्मी. तिची मैत्रीण, याची बायको, गेल्या दिवाळीनंतर वारलेली.

"तुमी तिच्या मैत्रीण, म्हणून तुमच्याकडंच आलो," तो म्हणाला आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले. "दुसऱ्याला काय कळणार ती? लय मेहनत घेतली हो तिनं स्वतःवर. शेवटी शेवटी तर एकदम परफेक्ट झालती."

त्याच्या रडण्यात खोट नव्हती, तेच जास्त वाईट होतं. खोटं रडणाऱ्या माणसाला हाकलता येतं. स्वरूपा त्या ओल्या डोळ्यांकडे बघत राहिली. जिभेच्या मुळाशी तिला आंबट चव आली. बाहेर उसाचे ट्रॅक्टर भवानीनगरच्या कारखान्याच्या दिशेने चालले होते. गळीत सुरू झाल्यापासून वाऱ्याबरोबर मळीचा आंबूस, गोडसर वास यायचा. लहानपणापासूनचा वास, एरवी त्याची जाणीवही व्हायची नाही, पण आज तो थेट पोटात उतरला.

पुण्यात शिकताना त्या दोघी एका खोलीत राहायच्या. राजलक्ष्मी इंदापूरकडची, डाळिंबवाल्यांच्या घरातली, कॉमर्सला. स्वरूपा शिल्पकलेला. जिवंत माणसं मोजून आणा असं वर्गात सांगितलं की स्वरूपा राजलक्ष्मीला भिंतीला टेकवून उभी करायची आणि दोरीने तिच्या चेहऱ्याची लांबी घेऊन खाली खाली खडूच्या खुणा करत जायची. राजलक्ष्मीच्या एका हातात भाकरीचा तुकडा आणि दुसऱ्यात शेंगदाण्याची चटणी असायची. "हलू नकोस गं," म्हटलं की ती मुद्दाम घास चावायची. चेहरा मोठा, रुंद, बांधा बुटका, मान जवळजवळ नाहीच. आठ ताल काही भरायचे नाहीत. साडेसातला टाच यायची. "आठचा माणूस, सातचा वेताळ," स्वरूपाने वाचून दाखवलं होतं, आणि राजलक्ष्मी कॉटवर पडून हसली होती, पुढचे मोठे दात सगळे बाहेर, चटणी अंथरुणावर. "म्हंजे मी अर्धी वेताळीण! घरी सांगते, स्थळ बघताना तसंच लिवा म्हणावं." त्या हसण्याने कॉट हलायची. तिचं पोट हलायचं. तिच्या पोटाला हात लावला की ते गरम असायचं, नुकत्या उतरवलेल्या भांड्यासारखं, आणि थंडीच्या दिवसांत स्वरूपा तिच्या पाठीला पाठ लावून झोपायची. देवीची मापं पाठ करताकरता तिला झोप लागायची: चेहरा बारा, गळा चार, गळ्यापासून हृदय बारा, हृदयापासून नाभी बारा. त्या मापांत शेजारची मुलगी कुठेच बसत नव्हती, आणि त्याने कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

मग राजलक्ष्मीचं लग्न झालं, विजयसिंहासारख्या देखण्या मुलाशी, आणि भेटी कमी झाल्या. इंदापूरला एका लग्नात ती दिसली तेव्हा बायका तिच्याभोवती गोळा झाल्या होत्या. काय बारीक झालीस, कुठली पावडर घेतेस, आम्हालाही सांग. राजलक्ष्मीने स्वरूपाचा हात धरून स्वतःच्या गळ्याखाली ठेवला. "लागतं का हाड? आधी सापडायचं न्हाय." ती अभिमानाने सांगत होती. बोटांना कातडीखालची कड लागली आणि स्वरूपाने हात काढून घेतला. "खातेस ना?" तिने विचारलं. "खाते की," राजलक्ष्मी म्हणाली. बोलताना तिने ओठ दातांवर ओढून धरले होते, म्हणून तिचा उच्चारही बदलला होता. तिच्या ताटात काकडीच्या चकत्या होत्या आणि जिलबीचं एक कडं होतं, ते तिने पंगत संपेपर्यंत चमच्याने इकडून तिकडे ढकललं. तोंडाला कसला तरी वास येत होता, पिकून गेलेल्या फळासारखा. पुढे ती घरातच, दुपारी, स्वयंपाकघरातल्या फरशीवर पडली. हार्ट, असं सगळ्यांनी सांगितलं.

तरीही स्वरूपाने काम घेतलं. का घेतलं याची दोन कारणं ती स्वतःला सांगायची आणि दोन्ही तिला आवडत नसत. एक म्हणजे दगड. इतकी वर्षं तिने पुढाऱ्यांचे पुतळे केले होते, फायबरचे, आत पोकळ, वरून ब्रॉन्झचा रंग. मेलेल्या माणसाची पोरं येऊन उभी राहायची: आबांचं पोट जरा कमी करा, आप्पांचे केस वाढवा, छाती भरा. ती भरायची. एकच मिशी किती चौकांत उभी आहे हे फक्त तिला माहीत होतं. देवी कुणी मागितली नव्हती. काळ्या दगडातली, पूजेत बसणारी, पूर्ण मापातली देवी आयुष्यात एकदा तरी करायची होती. दुसरं कारण असं की राजलक्ष्मीचा चेहरा दुसऱ्या कुणाच्या हातात जावा हे तिला सोसत नव्हतं. पण चेहरा आणि माप यांचं जमणार कसं? आधी मातीत काम उभं करायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी तिला ते कळलं. तालाच्या चेहऱ्याचे तीन सारखे भाग पडतात: कपाळ, नाक, नाकाखालून हनुवटी. राजलक्ष्मीचा खालचा भाग मोठा होता, तिथेच तर तिचे दात होते, तिचं हसणं होतं. ते काढून समान केलं की ओळखीचं सगळं जायचं आणि एक शांत, गुळगुळीत बाई उरायची. ते ठेवलं की देवी मोडायची. स्वरूपा सकाळी एक चेहरा करायची आणि संध्याकाळी तो पुसायची. माती नखांत बसायची. जेवताना तोच ओला वास हाताला, आणि घास तोंडाजवळ आला की तिला वाटायचं, आपण कुणाचा तरी गाल खातोय. ज्या मापांना तिने जीव लावला होता, ती मापं आणि इंदापूरच्या लग्नात राजलक्ष्मीभोवती गोळा झालेल्या बायका, यांत फरक काय? एवढं असावं, एवढं नसावं. दोरी कोणाच्या हातात आहे इतकाच. हा विचार आला त्या दुपारी तिने दोरी खिळ्याला अडकवली आणि शेड बंद करून ती घरी गेली. पण घरी बसून तिला शास्त्रातली दुसरी बाजू आठवली. मूर्तीचं पोट खपाटीला गेलेलं असू नये. तशी मूर्ती बसवली तर त्या गावात उपासमार येते. ज्याने कुणी हे लिहिलं, त्याने उपाशी माणसं पाहिली असली पाहिजेत. दुसऱ्या दिवशी तिने चेहरा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला आणि पोट घडवायला घेतलं. नाभी खोल, तिच्याभोवती भरीव गोलाई, खाली एक हलकी वळी. ते काम मात्र न अडखळता झालं. मातीवर तळहात फिरवताना ती खूप दिवसांनी काही न आठवता काम करत होती.

विजयसिंह बघायला आला तेव्हा त्याच्याबरोबर त्याची मुलगी होती. प्रतिक्षा, बारामतीत फार्मसीला शिकणारी. स्वरूपाने तिला लहान असताना पाहिलं होतं. चेहरा आईचाच, रुंद. पण मनगटं इतकी बारीक की घड्याळ कोपराकडे सरकलेलं. मार्चचं ऊन असून अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर. तिने पायांना हात लावून नमस्कार केला तेव्हा तिची बोटं बर्फासारखी लागली.

विजयसिंह मूर्तीभोवती एक फेरी मारून पोटापाशी थांबला.

"मॅडम, हे जरा जास्त झालंय."

"माप बरोबर आहे," स्वरूपा म्हणाली. "तुम्ही नवताल म्हणालात. नवतालात देवीचं पोट असंच असतं. खपाटीला गेलेलं पोट शास्त्रात दोष मानतात. दुष्काळ पडतो म्हणतात."

तो हसला. "ते जुन्या काळात हो. आता कुठला दुष्काळ, नीरेचं पाणी हाय आपल्याला. उंची शास्त्रातली घ्या, बाकी जरा आजच्या हिशोबानं. ती काय अशी न्हवती." आणि बोलताबोलता त्याने उजव्या हाताचा अंगठा मातीच्या पोटात, नाभीच्या खाली, दाबला. सवयीने दाबला. दाबून तसाच धरला, जसं काही तो अंगठा तिथे यापूर्वी पुष्कळदा टेकला होता आणि जागा त्याच्या माहितीची होती. "हे बघा, एवढं. एवढं आत घ्या."

स्वरूपाने प्रतिक्षाकडे पाहिलं. ती वडिलांच्या अंगठ्याकडे बघत होती, आणि तिने श्वास आत ओढून धरला होता. स्वेटरखाली तिचं पोट पाठीला जाऊन टेकलं होतं. कुणी तिला काही म्हटलं नव्हतं. तिला कळतही नव्हतं.

"हात काढा," स्वरूपा म्हणाली.

"आं?"

"हात काढा तिच्यावरून."

"अवो मॅडम, माती हाय ती," विजयसिंह म्हणाला, पण हात काढला आणि रुमालाला पुसला. पोटात खड्डा राहिला, आणि त्याच्या तळाशी अंगठ्याच्या बारीक रेषा. त्या इतक्या स्पष्ट उमटल्या होत्या की स्वरूपाला ओकारी आली. ती नळापाशी गेली, चूळ भरली, परत आली आणि म्हणाली की हे काम ती करणार नाही. तो आधी समजुतीने बोलला, मग मोठ्याने. मैत्रीण म्हणून आलो होतो. तुमच्यासारखे पन्नास मिळतील. स्वरूपा ऐकत होती. तिच्या लक्षात आलं की त्याला खरंच कळलेलं नाही, आणि ती कितीही बोलली तरी कळणार नाही. त्याने बायकोवर प्रेम केलं होतं. त्याच्यापाशी प्रेमाची ती एकच रीत होती. जाताना प्रतिक्षा दारात रेंगाळली. "मावशी, चेहरा बघू?" तिने हळूच विचारलं. स्वरूपाने फडकं काढलं. त्या दिवशी चेहरा अर्धवट होता, एकीकडे मापातला आणि एकीकडे दात पुढे आलेला. प्रतिक्षाने बराच वेळ पाहिलं. "मम्मीचे दात असे होते?" ती म्हणाली. "मला आठवतच नाही. ती हसताना हात धरायची तोंडावर." बाहेरून हॉर्न वाजला आणि ती गेली.

ते गेल्यावर स्वरूपाने माती मोडली. मोडायला वेळ लागला नाही. गोळे करून ओल्या गोणपाटाखाली ठेवले, हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले. काळा दगड कोपऱ्यात तसाच उभा राहिला. पुढचे कित्येक दिवस तिला अन्नाची शिसारी होती. चौकातून जाताना तिने केलेला एक पुतळा दिसायचा, सपाट पोटाचा, रुबाबदार, आणि ती मान फिरवायची. स्वतःच्या हाताचीही तिला किळस यायची. भाजी चिरताना दोडक्याचे तुकडेसुद्धा सारख्या मापाचे पडायचे. घरी तिची आई म्हणायची, दवाखान्यात जा. ती जायची नाही. आपल्याला काय झालंय हे तिला माहीत होतं. डॉक्टर त्यावर गोळ्या देईल, पण तो अंगठा डोळ्यांसमोरून हलवणार नाही.

वैशाखात प्रतिक्षाचा फोन आला. प्राणप्रतिष्ठा होती. "पप्पांनी सांगितलं नाहीये," ती म्हणाली, "पण तुम्ही या. मला कुणीतरी आईकडचं हवंय." आईच्या माहेरचं कुणी येणार नव्हतं. स्वरूपा एसटीने इंदापूरला आणि तिथून बावड्याला गेली.

मंदिर नवं कोरं होतं, फरशी गुळगुळीत. मूर्ती बाहेरून आणलेली, पांढऱ्या संगमरवराची, ओठ लाल रंगवलेले. स्वरूपाने ओळीत उभ्याउभ्याच डोळ्यांनी मोजली. नऊ ताल बरोबर होते, चुकूनही कुठे अंगुळभर फरक नव्हता. पोट सपाट होतं. चेहरा कुणाचाच नव्हता. पुढे ओटी घेऊन उभी असलेली एक बाई दुसरीला सांगत होती, "मालकिणीवरनं केलीया. अशीच हुती म्हणं, अगदी देवीवानी."

"अशी नव्हती," स्वरूपा म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. ओळीतल्या बायकांनी मागे पाहिलं. काही बोलायचं म्हणून तिने पुढे सांगितलं, "बुटकी होती. जाड होती. पोटभर जेवायची आणि कॉट हलेपर्यंत हसायची."

बायका पुन्हा पुढे वळल्या. पण खांबापाशी पत्रावळ्या मोजत बसलेली एक म्हातारी उठून तिच्याजवळ आली. सिंधुबाई, विजयसिंहाच्या घरी स्वयंपाकाला असणारी. तिने स्वरूपाला बाजूला घेतलं. "ताई, तुमी वळखत हुता व्हय तिला? मी लग्नापासनं बघितली तिला. शेवटची आंघुळ मीच घातली." म्हातारी कुजबुजत नव्हती, साध्या आवाजात सांगत होती. "चौघी लागतील म्हणून बाया बोलावल्या हुत्या. मी एकटीनं उचलली. ह्या वयात. लेकरासारखी काखंत आली. माझ्या हातचं रोज रांधलेलं, आन् ती उपाशी गेली. देवाला तोंड कसं दाखवू मी?" तिने गाभाऱ्याकडे पाहिलं नाही. "आता पोरीचं बी तेच चाललंय. मी वाढती, ती ओढणीआड कुत्र्याला घालती."

दुपारी मंडपात पंगत बसली. लापशी, भात, आमटी, वांग्याची भाजी. प्रतिक्षाने स्वरूपाला आपल्या शेजारी बसवलं. नेसलेली साडी आईची असावी. पोलकं खांद्यावरून घसरत होतं, पिना लावूनही. सिंधुबाई भाताचं घमेलं घेऊन वाढत आली आणि प्रतिक्षाच्या पानापाशी थांबली, तेवढ्यात मागून विजयसिंह आला. उपरणं, कपाळाला कुंकू, चेहरा आनंदी. त्याने स्वरूपाला पाहिलं, ओळखलं, हात जोडले. आजच्या दिवशी त्याच्या मनात कुणाविषयी राग नव्हता. मग वाकून सिंधुबाईला म्हणाला, "तिला नको. तिला काकडी द्या. डाएट हाय तिचं."

सिंधुबाईचा हात घमेल्यातच राहिला.

"वाढा तिला," स्वरूपा म्हणाली.

"मॅडम, आमच्या घरातलं आमी बघतो."

"सिंधुबाई, वाढा."

समोरच्या ओळीतली माणसं जेवायची थांबली. विजयसिंह हसायचा प्रयत्न करत होता, कारण पाहुणे बघत होते. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. आणि तिने मूठ भरभरून भात घेतला, पानावर ठेवला, वर आणखी ठेवला, मागच्या वाढप्याच्या बादलीतली आमटी ओतली, आणि घमेलं घेऊन तिथेच उभी राहिली, विजयसिंह आणि पान यांच्या मधोमध. "व्हा पुढं, मालक," ती म्हणाली. "पंगत खोळंबलीया. मी हाय हितं."

त्याने उपरणं सावरलं. कुणीतरी लांबून त्याला हाक मारली, आणि तो गेला.

प्रतिक्षा भाताकडे बघत होती. तिच्या कपाळावर घाम आला होता. तिला काय वाटत असेल हे स्वरूपाला नेमकं कळत होतं, कारण तिच्याही पोटात तेच वर येत होतं. वाफ, तूप, मंडपातली गर्दी, गरम आमटीवर जमलेला तवंग. गेले कित्येक दिवस ती कुणासमोर जेवली नव्हती. तिने भात कालवला. बोटांना तो गिळगिळीत लागला. पहिला घास तिने तोंडात घातला आणि चावत राहिली, जरूर होती त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ, आणि गिळला. तो खाली गेला. मग दुसरा. ती प्रतिक्षाकडे बघत नव्हती, बोलत नव्हती, नुसती जेवत होती.

थोड्या वेळाने शेजारच्या पानावर बांगड्या वाजल्या. प्रतिक्षाने लहान मुलं करतात एवढा घास केला होता. तो ओठांपाशी नेऊन तिने थांबवला, डोळे मिटले, आणि खाल्ला. तिच्या गळ्यातून तो उतरताना बाहेरून दिसला. आत ओढून धरलेलं पोट साडीखाली किंचित सैल झालं. तिने डोळे उघडून पुन्हा पानात हात घातला. सिंधुबाई हलली नाही. आणि मंडपाच्या दुसऱ्या टोकाला विजयसिंह पानापानापाशी वाकून, हात जोडून, मनापासून आग्रह करत होता, "पोटभर जेवा. लाजू नका. देवीचा प्रसाद हाय, आज कुणी उपाशी उठायचं न्हाय."